कोर्लई : किल्ला गेला, धर्मग्राम राहिला

१/२०
कोकण किनाऱ्यावरील किल्ल्यांचा इतिहास मराठीत बहुधा एका ठरलेल्या ठिकाणी थांबतो. किल्ला कोणी बांधला, कोणी वेढला, कोणत्या साली त्यावर भगवा फडकला, एवढे सांगून लेखणी पुढच्या किल्ल्याकडे वळते. तटाखालच्या वस्तीत त्या दिवशी जी माणसे राहत होती, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. रायगड जिल्ह्यातील कोर्लईबाबत तो विचारला, तर उत्तर विलक्षण आहे. पोर्तुगीज येथून १७४० मध्ये गेले. मात्र किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीज शब्दांनी भरलेली एक स्वतंत्र भाषा बोलली जाते. ती कशी टिकली, याची ही कथा.

२/२०
प्रथम भूगोल. अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा आणि त्यामागे प्राचीन चौल. दक्षिण तीरावर डोंगराची एक लांबट, अरुंद सोंड थेट समुद्रात शिरलेली आहे. त्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला, आणि ती जमिनीला जिथे मिळते तिथे मुरूड तालुक्यातील कोर्लई गाव. गावात कोळ्यांची वस्ती आहे, तशीच ख्रिस्ती कुटुंबांचीही आहे. या ख्रिस्ती वस्तीचे केंद्र म्हणजे कार्मेल मातेचे चर्च. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या सोंडेवरील तोफांच्या माऱ्यातून जावे लागे. या छोट्या गावासाठी तीन सत्ता का झगडल्या, याचे कारण एवढेच.

३/२०
‘धर्मग्राम’ हा शब्द वसई परिसरातील वाचकांच्या परिचयाचा असेल. घाटावर तो क्वचित ऐकू येतो. एका चर्चच्या आणि तेथील प्रमुख धर्मगुरूच्या देखरेखीखालील वस्ती म्हणजे धर्मग्राम. तो केवळ उपासनेपुरता नसतो. जन्मलेल्या मुलाचा स्नानसंस्कार, विवाह, दफन आणि या सर्वांची नोंद तिथेच होते. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक धर्मग्रामाला अशी नोंदवही ठेवण्याचा हुकूम होता. तिथल्या लहानशा किनारी खेड्याचाही चार-चार शतकांचा इतिहास लिहिता येतो, तो मुख्यतः या वह्यांमुळे. कॅथलिक जगात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहनोंदणी बंधनकारक केली. आपल्याकडे जे काम कुलकर्ण्याच्या दप्तराने जमिनीसाठी केले, तेच धर्मग्रामाने माणसांसाठी केले.

४/२०
आता काळाकडे. पोर्तुगीज आले तेव्हा चौल हे नवे बंदर नव्हते. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ या नावाने येते. अरब प्रवासी त्याला ‘सैमूर’ म्हणत. दहाव्या शतकात अल-मसूदीने या शहराचे वर्णन केले आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी भारतात आला, तो चौललाच उतरला. पुढे बहमनी सत्तेच्या विभाजनानंतर हे बंदर अहमदनगरच्या निजामशाहीकडे आले. घाटावरील राज्याला घोडे हवे होते आणि ते समुद्रामार्गेच येत. त्यामुळे चौल म्हणजे निजामशाहीचा समुद्राकडे उघडणारा दरवाजाच होता.

५/२०
या दरवाजावर पोर्तुगिजांची नजर लवकरच पडली. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आणि गुजरातचे संयुक्त आरमार पोर्तुगीज आरमाराशी भिडले. या लढाईत पोर्तुगिजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत बापाने त्याचा सूड घेतला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना चौलजवळ किल्ला बांधण्याची परवानगी दिली आणि १५२४ च्या सुमारास तो उभा राहिला. आजच्या रेवदंड्याचा तट तो हाच. निजामशहाचे चौल आणि पोर्तुगिजांचे चौल अशी दोन शहरे आता शेजारी-शेजारी नांदू लागली.

६/२०
१५८३ मध्ये गोव्याकडे निघालेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच चौलला थांबला होता. त्याने या दोन शहरांची वेगवेगळी नोंद केली. पोर्तुगीज चौलमध्ये तोवर फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांची चर्चे आणि मठ उभे राहत होते. रेवदंड्यात आज ‘सातखणी’ नावाने ओळखला जाणारा उंच मनोरा मुळात फ्रान्सिस्कन चर्चचा आहे. नारळी-पोफळीच्या बागांतून फिरताना दिसणाऱ्या कमानी आणि भिंती त्याच काळातल्या. या सर्व इमारती उत्तर तीरावर होत्या. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर अजून दोन्ही सत्तांच्या बांधकामापासून मोकळा होता.

७/२०
शेजार शांततेचा राहिला नाही. १५७० च्या अखेरीस विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला आणि अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने चौलला एकाच सुमारास वेढा घातला. दक्षिणी सत्तांनी मिळून पोर्तुगिजांना समुद्रात लोटण्याचा हा मोठा प्रयत्न होता. चौलचा वेढा कित्येक महिने चालला. तटाबाहेरील घरे आणि मठ दोन्ही बाजूंच्या तोफांनी उद्ध्वस्त झाले. मात्र समुद्राकडील बाजू मोकळी होती आणि गोव्याहून कुमक येत राहिली. १५७१ मध्ये तह होऊन वेढा उठला. या प्रसंगातून अहमदनगरने एक धडा घेतला. चौल जमिनीवरून पडत नाही. खाडीचे तोंड बंद केले तरच ते पडेल.

८/२०
खाडीचे तोंड म्हणजे कोर्लई. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने या सोंडेवर भक्कम किल्ला उभारण्यास घेतला. रेवदंड्यातील पोर्तुगिजांना हा गळफास वाटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी हल्ला करून डोंगर जिंकला. हल्लेखोर सैन्यात सुमारे १५०० पोर्तुगीज आणि जवळपास तितकेच स्थानिक शिपाई असल्याची नोंद मिळते. ही दुसरी संख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘पोर्तुगिजांचा विजय’ म्हणून नोंदल्या गेलेल्या घटनेतही निम्मे हात याच मातीतले होते. पोर्तुगीज कागदांत हा किल्ला ‘मोरो’ म्हणजे टेकडी किंवा भूशिर या नावाने येतो. पुढील १४६ वर्षे तो त्यांच्याकडे राहिला.

९/२०
किल्ल्यावर फक्त सैनिक राहत नाहीत. पाणी भरणारे, दारूगोळा वाहणारे, स्वयंपाक करणारे, होडी वल्हवणारे, शेती पिकवणारे असे सगळे त्याच्या आधाराने वसतात. पोर्तुगालहून स्त्रिया फार कमी येत; म्हणून गोव्याच्या विजयापासूनच शिपायांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह करावेत असे धोरण होते. अशा घरबारी पोर्तुगिजांना ‘कासादो’ म्हणत. बहुतेक स्त्रिया आणि सेवक धर्मांतरित होते आणि त्यांतील पुष्कळसे समाजाच्या खालच्या थरांतून आलेले होते. बापाची भाषा पोर्तुगीज, आईची मराठी, शेजारी तिसऱ्याच प्रदेशातून आलेला गुलाम. अशा घरांत मुले जी भाषा बोलू लागतात, तिला भाषाशास्त्रात ‘क्रिओल’ म्हणतात.

१०/२०
या घरांवर चर्चची सत्ता कशी चाले, हेही पाहायला हवे. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर विशेष अधिकार दिले होते. धर्मगुरू पाठवणे, चर्च बांधणे, त्यांचा खर्च चालवणे ही राजाची जबाबदारी. बदल्यात नेमणुकांवर हक्कही राजाचा. या व्यवस्थेला ‘पाद्रोआदो’ म्हणत. कोल्हापूरच्या वाचकांना मिशन म्हटले की १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेले अमेरिकन मिशन आठवते. तिथे राजाचा हात नव्हता आणि कामाची भाषा मराठी होती. पाद्रोआदोत धर्म, राजा आणि पोर्तुगीज भाषा एकत्र आली. यातील राजा पुढे निघून गेला, तरी बाकीचे दोन धागे कोर्लईत शिल्लक राहिले.

११/२०
मराठ्यांचा या भागाशी संघर्ष जुना होता. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलला वेढा घातला, पण तेव्हा ते हाती आले नाही. निर्णायक क्षण आला तो चिमाजी आप्पांच्या उत्तर कोकण मोहिमेत. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि रेवदंडा-कोर्लई पोर्तुगीज प्रदेशापासून एकाकी पडली. सुभानराव माणकर यांनी या भागावर दबाव ठेवला होता. अखेर सप्टेंबर १७४० मध्ये, बाजीराव पेशव्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, इंग्रजांच्या मध्यस्थीने तह झाला. चौल आणि कोर्लई पोर्तुगिजांनी सोडून द्यायचे ठरले. चौलमधील त्यांची दोनशेहून अधिक वर्षांची सत्ता संपली.

१२/२०
किल्ल्याने नवा धनी स्वीकारला, त्याच्या खुणा दिसतात. बुरुजांची संतांच्या नावांवरून ठेवलेली नावे बदलली. सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरुज झाला. गडावर आज महादेवाचे छोटे मंदिरही आहे आणि छप्पर हरवलेले चर्चही. अधिकारी, शिपाई आणि सधन कुटुंबे पोर्तुगीज मुलखाकडे निघून गेली. ज्यांच्याजवळ जाण्याचे साधन नव्हते, किंवा गेल्यावर जिथे कोणी ओळखणारे नव्हते, ते गरीब ख्रिस्ती इथेच राहिले. तहाची कलमे या माणसांची नावे सांगत नाहीत. पुढची पिके घेण्यासाठी त्यांनी पुन्हा तीच जमीन नांगरली.

१३/२०
इथे एक स्वाभाविक शंका उद्भवते. सत्ता गेली, व्यापार गेला, मग भाषा का गेली नाही? वसईचे उदाहरण शेजारी ठेवले की उत्तर मिळू लागते. वसईत मोठ्या प्रमाणावर गावेच्या गावे ख्रिस्ती झाली होती. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी या समाजांची मूळ बोली, नातीगोती आणि व्यवसाय धर्मांतरानंतरही टिकले. धर्म बदलला, घरातली मराठी बोली तीच राहिली. कोर्लईच्या वस्तीला असा जुना समाज उरलाच नव्हता. ती किल्ल्याभोवती निरनिराळ्या ठिकाणच्या माणसांतून घडलेली वस्ती होती. तिच्याजवळ परत जाण्यासारखी जुनी जात नव्हती आणि म्हणून जुनी बोलीही नव्हती.

१४/२०
शिवाय एकदा ख्रिस्ती झाल्यावर रोटी-बेटीचे दरवाजे बंद झाले. हिंदू शेजाऱ्यांशी विवाह नाही, मुस्लिम शेजाऱ्यांशीही नाही. विवाह आपसातच होत राहिले. बाजारात, शेताच्या बांधावर, होडीत मराठी. उंबरठ्याच्या आत मात्र स्वतःची भाषा. जातिव्यवस्थेने या माणसांना दूर ठेवले आणि त्या दुराव्याने त्यांची भाषा जपली, हे या कथेतील कटू सत्य आहे. एखाद्या दुर्मीळ गोष्टीच्या टिकण्याचे कौतुक करताना ती कोणत्या किमतीवर टिकली, हेही नोंदवले पाहिजे. अभ्यासकांनीही या एकाकीपणालाच भाषेच्या आयुष्याचे मुख्य कारण मानले आहे.

१५/२०
दुसरा आधार धर्मग्रामाचा. किल्ला पेशव्यांकडे गेला, १८१८ नंतर इंग्रजांकडे गेला, पण पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गावाला मिळत राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये होई. प्रार्थना, प्रवचन, पापनिवेदन यांतून मात्र पोर्तुगीज कानावर पडत राही. सैनिक आणि व्यापारी निघून गेल्यावर पोर्तुगीज जगाशी गावाला जोडणारा हा एकच धागा होता. येथे मराठी अमलाबद्दलही एक गोष्ट दिसते. १७४० ते १८१८ या ७८ वर्षांत ही वस्ती मोडली नाही आणि तिचा धर्मही टिकला. वसईच्या शरणागतीच्या वेळीही मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा देण्यात आली होती.

१६/२०
आता प्रत्यक्ष भाषेकडे. बोलणारे तिला ‘क्रिस्ती’ किंवा ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज मुळाचे आहेत. रचना मात्र सह्याद्रीच्या पायथ्याची आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्यात आणि कर्म त्यानंतर येते. कोर्लईच्या भाषेत मराठीप्रमाणे कर्म आधी आणि क्रियापद शेवटी. ‘पेद्रोचे घर’ म्हणताना पोर्तुगीज माणूस घर आधी सांगतो आणि मालक नंतर: ‘कासा दे पेद्रो’. कोर्लईत मालकाचे नाव आधी येते आणि त्यामागे ‘सु’ जोडला जातो. आपल्या ‘चा-ची-चे’चेच हे काम आहे.

१७/२०
याहून बोलके उदाहरण क्रियापदांचे. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग आहेत: ‘आर’, ‘एर’ आणि ‘इर’ने संपणारे. कोर्लईत त्यांचे शेवट ‘आ’, ‘ए’ आणि ‘इ’ असे झाले. पिणे या अर्थाचे ‘बेबेर’ येथे ‘बेबे’ झाले. पण कोर्लईच्या भाषेने एक चौथा वर्ग स्वतः घडवला, ‘उ’ने संपणारा. तो मुख्यतः मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी आहे. मराठी ‘लोटणे’ या घरात शिरताना ‘लोटू’ होते. मराठीने पोर्तुगीजमधून चावी, पगार, लिलाव, पाव, बटाटा असे शब्द घेतले. कोर्लईने मराठीतून शब्द तर घेतलेच, शिवाय त्यांना राहण्यासाठी व्याकरणात एक नवी खोली बांधली. परक्या भाषेचा मोडका अवशेष असे काही बांधू शकत नाही.

१८/२०
या भाषेची भावंडे एकेकाळी किनाऱ्यावर ठिकठिकाणी होती. मुंबई, ठाणे, वसई परिसरातील ‘उत्तरेकडील’ इंडो-पोर्तुगीज बोलीचे वर्णन गोव्याचे विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्या भागात ती बोली लोपली. मुंबईच्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण करून आपली ओळख इंग्रजी राजवटीशी जोडली होती. दीव आणि दमण येथे क्रिओल अजून आहे. ती स्थळे १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडेच होती. केरळात कोचीनजवळच्या वायपिन बेटावर ही परंपरा २०१० मध्ये शेवटच्या अस्खलित भाषकाबरोबर संपली. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही बोलली जाणारी कोर्लईची भाषा म्हणूनच वेगळी ठरते.

१९/२०
तरीही तिची दखल उशिरा घेतली गेली. १८७६ मध्ये जेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर व पुरावशेषांवर महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. त्या काळच्या दृष्टीप्रमाणे पडक्या भिंती हाच त्याचा मुख्य विषय होता. आधुनिक भाषाशास्त्राला कोर्लईची ओळख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉरेन्त्यू थेबान या रुमानियन अभ्यासकामुळे झाली. त्यानंतर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी गावात राहून अभ्यास केला आणि १९९६ मध्ये या भाषेच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास सांगितली जाते. भारताची जनगणना दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा नावानिशी देत नाही. त्यामुळे सरकारी तक्त्यांत कोर्लईची भाषा स्वतंत्रपणे सापडत नाही.

२०/२०
ज्या दोन आधारांवर ती उभी होती, ते आता सैल झाले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमध्ये लोकभाषेला स्थान मिळाले आणि कोर्लईत ती लोकभाषा मराठी ठरली. धर्मग्राम आज मुंबईच्या महाधर्मप्रांतात आहे. शाळा मराठी. १९८० च्या दशकात कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल झाला, साळावजवळ पोलाद कारखाना आला आणि गावाचे एकाकीपण संपले. शिक्षण, रोजगार, रस्ता यांपैकी काहीही नाकारावे असे नाही. भाषा जगावी म्हणून माणसांनी एकाकी राहावे, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. पण आता ती जगेल की नाही, हे घरातील आई-वडील मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात, एवढ्यावरच ठरणार आहे.

पन्हाळा ते विशाळगड पायी जाणारी कोल्हापूरची तरुण मंडळी कोकणातील जलदुर्गांकडेही आवडीने वळतात. मालवणचा सिंधुदुर्ग १८१२ पर्यंत करवीर राज्याकडे होता, त्यामुळे हा किनारा कोल्हापूरला परका नाही. कोर्लईला जाणाऱ्यांनी गड जरूर पाहावा, गणेश बुरुजावरून खाडीचे तोंड न्याहाळावे आणि १५९४ व १७४० ही दोन्ही वर्षे आठवावीत. उतरताना मात्र पायथ्याची वस्ती हा गडाचा परिसर नसून इतिहासाचा चालू भाग आहे, हे ध्यानी असावे. तिथल्या ओसरीवर दोन म्हाताऱ्या आपसात बोलत असतील, तर ती पोर्तुगालची भाषा नव्हे. कुंडलिकेच्या काठी घडलेली, मराठीच्या मुशीतून निघालेली ती महाराष्ट्राचीच एक भाषा आहे.